एक थांबता, एक थरथरता

पहिल्यांदा थांबलं ते संकासुराच्या प्रवेशाला. काळ्या वेशातला संकासुर एक पाय उचलून तसाच उभा, टीव्हीच्या मधोमध गोल चक्र फिरतंय, आणि पलंगावर बसलेले आबा माझ्याकडे बघतायत. चार-पाच सेकंदांनी चित्र पुन्हा सुरू झालं, पण तोवर सम हातातून निसटून गेली होती. आबा म्हणाले, "गो, ह्या असा थांबला तर माका काय कळाचा?"

आबा म्हणजे माझे सासरे. वय ८३. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी दशावतारात पायपेटी वाजवली. कार्तिक संपत आला की घरातून जे निघायचे, ते जत्रांच्या रात्री संपवून उन्हाळ्यातच निवांत व्हायचे. त्यांच्या वाजवण्याचं घरात एकच चित्रण आहे. २००६ साली आमच्या गावच्या जत्रेला मुंबईचा चुलतदीर आला होता. नवा कॅमेरा घेतला होता म्हणून त्याने रात्रभर जागून मिनीडीव्हीच्या चार कॅसेटी भरल्या. पुढे कॅमेरा बिघडला आणि कॅसेटी कपाटात पडून राहिल्या. कोकणातल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. एका कॅसेटीला ती धरलेली दिसली तेव्हा मी घाबरले आणि चारही कॅसेटी गेल्या दिवाळीत मुंबईला पाठवून त्यांच्या संगणकावर चालणाऱ्या फाइली करून घेतल्या. बुरशीची कॅसेटसुद्धा वाचली.

फाइली आल्या त्या एका हार्ड डिस्कवर. एकेका तासाची एकेक, प्रत्येकी साधारण १३ जीबीची. घरात एक जुना लॅपटॉप होता, पडदा फुटलेला पण बाकी धडधाकट. त्यावर उबंटू ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली घातली, पडवीतल्या फडताळात राउटरशेजारी ठेवला, हार्ड डिस्क त्याला जोडली आणि फोल्डर घरातल्या सगळ्यांना दिसेल असं उघडं केलं. माजघरातल्या टीव्हीला अँड्रॉइडचा छोटा बॉक्स आहे, त्यावर कोडी, म्हणजे व्हिडिओ चालवणारं ॲप. कोडीतून फोल्डर उघडायचं, फाइल निवडायची, झालं. आबांना अंथरुणावरून उठायला नको.

आणि मग ते थांबायला लागलं.

घरात आणि वाडीत सगळ्यांचं निदान एकच होतं: नेट स्लो आहे. नवऱ्याचं तेच, मुलाचं तेच, दूध घालायला येणाऱ्याचंही तेच. लाइनमनला बोलावलं. त्याने पडवीत उभं राहून मोबाइलवर वेग मोजला. ६० एमबीपीएसचा प्लॅन, आकडा ५८ आला. "मॅडम, तुमचं नेट एकदम ओके." तो खरंच बोलत होता. पण त्याने मोजलं ते भलतंच. आमची जत्रा इंटरनेटवरून येतच नव्हती. ती पडवीतल्या फडताळातून निघून माजघरातल्या टीव्हीपर्यंत जात होती, जेमतेम वीस-बावीस मीटर.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलला अकरावीच्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते, एका वेळी एकच चल बदला आणि वहीत लिहा. तेच इथे करायचं ठरवलं. पहिला प्रयोग अगदी सोपा. बाहेरून येणारी फायबरची वायर राउटरच्या पाठीमागून काढून टाकली. घराचं इंटरनेट पूर्ण बंद. टीव्हीवर जत्रा लावली. चालू झाली, आणि दहा मिनिटांत तीनदा थांबली. नवरा शेजारी उभा होता. त्यानंतर 'नेट स्लो' हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. हा प्रयोग सगळ्यांनी करून बघावा असं मला मनापासून वाटतं. घरातलाच व्हिडिओ अडखळत असेल तर प्लॅन वाढवून काहीही होणार नाही, आणि तरी लोक आधी प्लॅनच वाढवतात.

दुसरा प्रयोग: कुठे कुठे थांबतं ते कागदावर लिहिलं. पहिल्या वेळी ४ मिनिटं १२ सेकंदांवर, ६ मिनिटं ४० सेकंदांवर, पुढे असंच. तीच फाइल पुन्हा लावली, तर थांबण्याच्या जागा सगळ्या वेगळ्या. म्हणजे फाइल खराब नाही. टेपमध्ये दोष असता तर दर वेळी तिथेच अडकलं असतं. तीच फाइल पडवीतल्या लॅपटॉपला मॉनिटर लावून थेट चालवली तर एकदाही थांबली नाही. म्हणजे डिस्कही ठीक. दोष वाटेत होता.

इथे एक गणित करावंच लागतं, आणि ते न करता लोक महिनोन्‌महिने चाचपडतात. एका तासाची फाइल १३ जीबी. तासाचे सेकंद ३६००. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट. पण नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून गुणिले ८. उत्तर जवळजवळ २९ मेगाबिट दर सेकंदाला. हा मिनीडीव्हीचा ठरलेला दर आहे, चित्र आणि आवाज मिळून. संकासुर नाचत असो की रंगमंच रिकामा असो, तो बदलत नाही. ऑनलाइन जे चित्रपट बघतो ते इतके दाबून लहान केलेले असतात की त्यातले बरेच ५ ते ८ मेगाबिटमध्ये भागतात. म्हणूनच "यूट्यूब तर छान चालतं" हे वाक्य फसवं आहे. यूट्यूबला वाट अरुंद झाली तर ते चित्राचा दर्जा उतरवून निभावून नेतं. आमच्या फाइलला ती सोय नाही. तिला २९ पाहिजेत म्हणजे पाहिजेत, प्रत्येक सेकंदाला.

आता वाटेवर किती मिळतात ते मोजायचं. त्यासाठी आयपर्फ नावाची फुकट आज्ञावली आहे. दोन संगणकांवर घालायची, एकाने पाठवायचं, दुसऱ्याने घ्यायचं, दर सेकंदाला आकडा दिसतो. त्यात डिस्क नाही, कोडी नाही, इंटरनेट नाही, फक्त वाट. नवऱ्याचा लॅपटॉप घेतला आणि पडवीत राउटरला केबलने जोडला: ९४० मेगाबिट. एक गिगाबिटच्या वाटेवर प्रत्यक्षात एवढेच मिळतात. केबल काढून तिथेच वायफायवर: ८० च्या आसपास. मग तोच लॅपटॉप उचलून माजघरात टीव्हीखाली ठेवला. ११. पुढच्या सेकंदाला १४. मग ९. मग एकदम २. मग पुन्हा १२.

२९ पाहिजेत आणि येतायत ११. आश्चर्य एवढंच की ते अधूनमधून चालत तरी कसं होतं. पुढे लक्षात आलं, मी आदल्या दिवशी आबांसाठी एक तुकडा दाबून लहान करून ठेवला होता, ६ मेगाबिटचा, आणि तोच आधी लागायचा. तो बराच वेळ चालायचा आणि आकडा २ वर पडला की थांबायचा. मूळ फाइल तर मिनिटभरही सलग जात नव्हती.

आमचं घर जुनं आहे, चिऱ्याचं. पडवी आणि माजघर यांच्यामध्ये दोन भिंती, दोन्ही दीड फुटाच्या. एका भिंतीचा खालचा भाग पावसात ओल धरतो, हात लावला तर गार लागतो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. म्हणूनच बहुधा हे सगळं जूनमध्ये सुरू झालं. मे महिन्यात मुलगा माजघरात बसून मॅच बघत होता आणि त्याची तक्रार नव्हती. मे महिन्यात मी आयपर्फ चालवलं नव्हतं, त्यामुळे हे माझं अनुमान आहे, निरीक्षण नाही. येत्या मे महिन्यात तिथेच लॅपटॉप ठेवून मोजणार आहे.

वायफायच्या दोन पट्ट्या असतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्‌झची त्याच्या निम्म्याहून लहान. मोठी लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, लहान लहर अडते. पण लहान लहरीच्या पट्टीत जागा ऐसपैस असते आणि वेग जास्त मिळतो. डोंबिवलीला माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये असाच त्रास होता. तिथे खिडकीत उभं राहिलं तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस वायफाय दिसतात, सगळी २.४ वर एकमेकांच्या अंगावर बोलत असतात. तिथे टीव्ही ५ वर नेला आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला, कारण मध्ये होती एक चार इंचांची विटेची भिंत. तोच उपाय मी इथे केला तर माजघरात ५ गिगाहर्ट्‌झचं नाव यादीत दिसेना. आमच्या वाडीत शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी नाही. आमची अडचण दगडाची आहे. म्हणून दुसऱ्याच्या घरात चाललेला उपाय तसाच्या तसा उचलू नये.

भावाने वायफाय एक्स्टेंडर दिला. दारात मध्यावर लावला. टीव्हीवर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसायला लागल्या, घरात आनंद झाला, आणि आयपर्फवर आकडा आला ९. त्या एक्स्टेंडरमध्ये रेडिओ एकच. त्यालाच राउटरकडून ऐकायचं आणि त्यालाच टीव्हीला सांगायचं, दोन्ही एका वेळी जमत नाही. म्हणून वेळ अर्धा अर्धा वाटला जातो. दांड्या सांगतात एक्स्टेंडर किती जवळ आहे, माल किती पोहोचतोय ते सांगत नाहीत. परत दिला.

याच दरम्यान एक गोष्ट सापडली जिच्यावर माझा आधी विश्वासच बसेना. फडताळ पुसायला म्हणून हार्ड डिस्कची वायर काढली. माजघरात आयपर्फ चालू होतं. नवरा आतून ओरडला, "अगं, एकोणीस आले!" परत जोडली, ११. परत काढली, १८. आम्ही दोघांनी हा खेळ सहा वेळा केला. ती डिस्क निळ्या जिभेच्या यूएसबी ३ पोर्टला होती आणि तिची वायर राउटरच्या अँटेनाला टेकून गेली होती. यूएसबी ३ मधून जो माल पळतो त्याचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर निबंधच प्रसिद्ध केला होता. मी डिस्क काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली आणि राउटर हातभर दूर सरकवला. यूएसबी २ हळू आहे, पण २९ मेगाबिटला ते पुरून उरतं. दोन रुपये खर्च न होता ११ चे १९ झाले. तुमच्याकडे राउटरच्या पाठीमागे डिस्क किंवा पेन ड्राइव्ह खोचलेला असेल तर हे आजच करून बघा.

पण १९ म्हणजे २९ नव्हेत. शेवटी केबलच टाकायची ठरली, जे पहिल्या दिवशी ठरायला हवं होतं. भिंत फोडायला घरात कुणीच तयार नव्हतं आणि मीही नव्हते. पण कोकणातल्या घराला वरून वाट असते. पडवीतून वर, कौलांखालून वाशांच्या कडेने माजघरावर, आणि तिथून माळ्याच्या फळीतल्या भोकातून खाली. २२ मीटर. बाजारातून केबल आणली, वर 'कॅट सिक्स' छापलेलं. वायरिंगचं काम करणारा पोरगा येऊन दुपारभर वर सरपटला, खाली येऊन दोन्ही टोकांना कनेक्टर मारून गेला.

पहिल्या संध्याकाळी जत्रा अर्धा तास न थांबता चालली. आबा जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपत होता आणि पुन्हा थांबायला लागलं. त्या क्षणी मला खरंच रडू आलं. वायफायला दोष देता येतो, दगडाला दोष देता येतो. केबललाही तेच व्हायला लागलं तर जायचं कुठे?

मग पुन्हा वही, पुन्हा आयपर्फ. आकडा ९४ वरून सुरू व्हायचा, मध्येच ४० वर यायचा, मध्येच ७ वर. यात दोन गोष्टी होत्या. एक, तो ९४ च्या वर जातच नव्हता, लॅपटॉप गिगाबिटचा असूनही. दोन, आयपर्फ पाठवणाऱ्या बाजूला शेवटी एक रकाना दाखवतं, किती पाकिटं पुन्हा पाठवावी लागली त्याचा. नेटवर्कवर माल अशाच छोट्या छोट्या पाकिटांतून जातो. चांगल्या वाटेवर तिथे शून्य असतं, नाहीतर चार-दोन. आमच्याकडे दर सेकंदाला शंभर-दोनशे.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला चारही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तार तुटली तरी दोन्ही टोकांची यंत्रं आपापसात ठरवून १०० वर उतरतात, दिवा हिरवाच राहतो, आणि तुम्हाला कुणी काही सांगत नाही. म्हणून ९४. आणि ज्या दोन जोड्या चालू होत्या त्यांतलीही एक कुठेतरी सैल असणार, म्हणून पाकिटं हरवत होती. पाकीट हरवलं की पाठवणाऱ्याला वाटतं पुढे वाट गजबजलीय, आणि तो आपणहून वेग उतरवतो. त्यामुळे शंभरातलं एखादं पाकीट हरवलं तरी वेग शंभरातल्या एका हिश्श्याने कमी होत नाही, कोसळतो.

माजघराकडचा कनेक्टर कापला. निळ्या जोडीतली एक तार हातातच तुटून आली, वाळलेल्या काडीसारखी. पातं घेऊन तार खरवडली. वर तांब्याचा रंग आणि आत पांढरी चकचकीत. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. अशी केबल वजनाला हलकी लागते, वाकवली की तुटते, आणि तिच्यात आणि कनेक्टरच्या दातांमध्ये पकड लवकर सैल होते. आपल्याकडे ती सर्रास विकली जाते आणि घेणाऱ्याला कळत नाही. ज्या पोराने टाकली त्यालाही माहीत नव्हतं. त्याला मी ती खरवडलेली तार दाखवली तेव्हा तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मी चार घरांत हीच टाकलीय."

दुसरी केबल पूर्ण तांब्याची, दुकानदाराकडून टोक खरवडून बघूनच घेतली. दर जवळजवळ दुप्पट. पोराने टाकण्याचे पैसे घेतले नाहीत, मी बळेच दिले. या वेळी रंगांचा क्रम दोन्ही टोकांना मी स्वतः तपासला: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. लॅपटॉप लावून आयपर्फ: ९४१. पुन्हा पाठवलेली पाकिटं: शून्य. पाच मिनिटं चालवलं, शून्य. टीव्हीच्या बॉक्सचं पोर्ट १०० चंच आहे, तिथे ९४ मिळतात आणि ते भरपूर आहेत. मुलाने मोबाइलवर ४के मध्ये, सेकंदाला ६० फ्रेमनी काढलेला व्हिडिओ मिनिटाला ४०० एमबी होतो, म्हणजे ५३ मेगाबिट. तोही त्यातून जातो.

एक सूचना, खास आपल्या बाजूच्यांसाठी. कौलांखालून गेलेली एवढी लांब तार म्हणजे विजेच्या कडकडाटात जोखीम. मृगाच्या आणि परतीच्या पावसात आम्ही टीव्हीची पिन काढतो तशी आता या केबलचीही दोन्ही टोकं काढून ठेवतो.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. थांबणं बंद झालं होतं. पण आबा खूश दिसेनात. दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अजून ता नीट नाय."

मी म्हटलं, "आबांनू, आता खंय थांबता?"

"थांबणा नाय. थरथरता."

मला दिसत नव्हतं. त्यांनी मला शेजारी बसवलं. कॅमेरा संकासुरावरून हळूहळू डावीकडे वळतो आणि मृदंगवाला, झांजवाला ओलांडून पेटीवर येतो, ती जागा लावायला सांगितली. म्हणाले, डोळे मीट. मी मिटले. पेटी, मृदंग, झांज, सगळं सलग, कुठेही खोट नाही. आता उघड म्हणाले. उघडले, आणि मला दिसलं. कॅमेरा वळताना चित्र गुळगुळीत सरकत नव्हतं, बारीक बारीक धक्के घेत जात होतं, पण एकसारखे. "बघ. सूर तुटणा नाय. आधी सूर तुटी आणि चित्रही थांबी. आता सूर नीट, चित्र तेवढा थरथरता. एक थांबता, एक थरथरता. दोन रोग आसत गो, एक नाय."

सगळं मोजून झालेल्या मला हे सुचलं नव्हतं. वाटेत माल कमी पडला तर चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, आणि केव्हाही थांबतात. इथे आवाज अखंड होता आणि धक्के नियमित होते. म्हणजे माल पुरेसा येत होता. गडबड टीव्हीपाशीच होती, आणि ती पहिल्या दिवसापासून असणार, फक्त मोठ्या दुखण्याखाली झाकली गेली होती.

आपल्याकडच्या कॅमेऱ्यांचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. टीव्हीचा बॉक्स मात्र सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवायच्या बोलीवर होता, कारखान्यातून तसाच आला होता. २५ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही. म्हणून बॉक्स एक फ्रेम दोनदा दाखवतो, पुढची दोनदा, मग एक तीनदा, मग दोनदा, मग तीनदा, असं करत हिशोब जुळवतो. स्थिर चित्रात हे कळत नाही. कॅमेरा वळला की काही फ्रेम जास्त वेळ रेंगाळतात आणि डोळ्याला थरथर जाणवते. आयुष्यभर लय सांभाळलेल्या माणसाला ती खुपणारच. कोडीच्या सेटिंगमध्ये प्लेअरखाली 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' म्हणून आहे. ते चालू केलं की व्हिडिओ सुरू होताना टीव्ही आपोआप ५० वर जातो. ५० ला २५ ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम दोनदा, कमी नाही, जास्त नाही. पडदा क्षणभर काळा होतो आणि मग चित्र येतं, एवढाच फरक. सोबत डीइंटरलेस चालू ठेवलं, कारण या जुन्या चित्रात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते आणि पेटीवर बोटं जोरात पळाली की त्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसायचे. तेही गेले.

त्या रात्री आम्ही पहिली कॅसेट सुरुवातीपासून लावली. गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, मग संकासुर. कॅमेरा डावीकडे वळला. एकही धक्का नाही. पेटीवर आला, तिथे ६५ वर्षांचे आबा, काळे केस, पाय भात्यावर, नजर समोरच्या पात्राच्या तोंडाकडे. पलंगावरच्या आबांची बोटं चादरीवर हलत होती. नवरा दाराला टेकून उभा होता, मुलगा मोबाइल खाली ठेवून बघत होता.

आख्यान सुरू झालं. पहिल्या पदात एका जागी पेटी क्षणभर अडल्यासारखी झाली. अगदी क्षणभर. मी दचकून उठले. केबल, दिवा, वही, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी पडवीकडे निघाले तेव्हा आबांनी हात वर केला.

"नको गो. ता तारेचा नाय. थंय माझोच हात चुकलेलो."

मग थोडं थांबून म्हणाले, "मागे घे. परत लाव."